बी मायनस म्हणजे किती टक्के?

“भाऊजी, बी मायनस म्हणजे किती टक्के हो?”

मंडळाच्या गणपतीत आरती आटोपून प्रसादाच्या रांगेत उभा होतो, तेव्हा मागून हा प्रश्न आला. विचारणाऱ्या वहिनी काचीगुड्याच्या, आमच्या जुन्या ओळखीच्या. त्यांची मुलगी शहरातल्याच एका संस्थेत एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. इंटरला हजारपैकी ९७८, पुढे बी.टेक.लाही कायम पहिल्या पाचांत. आणि आता ‘स्ट्रॅटेजी’ नावाच्या विषयात पहिल्याच लेखी कामाला बी मायनस. पोरगी दोन दिवस नीट जेवली नव्हती. शिष्यवृत्ती टिकवायला ठराविक सरासरी राखावी लागते, हे वहिनींनी हलक्या आवाजात सांगितलं, तेव्हा प्रश्न टक्क्यांचा नाही हे कळलं.

मला विचारण्याचं कारण असं, की आठवडाभर गच्चीबावलीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करून मी गेली काही वर्षं दर शनिवारी हाच विषय शिकवतो. तिच्या संस्थेत नव्हे, दुसरीकडे. म्हणजे दर शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी असं वातावरण मीच निर्माण करत असतो.

तर वहिनींना दिलेलं उत्तर आधी इथे सांगतो. बी मायनसचे टक्के होत नाहीत. आपल्या मुलांना सवय असते ती अशी, की उत्तरपत्रिका कोऱ्या पाटीवर सुरू होते आणि प्रत्येक बरोबर ओळीचे गुण पडत जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाची दहा गुणांची श्रेणी आहे, ओ म्हणजे १०, ए प्लस म्हणजे ९, असं खाली उतरत पी म्हणजे ४. तिच्यातही बऱ्याच ठिकाणी आधी गुण पडतात आणि मग त्यांचं अक्षर होतं. पण बऱ्याच व्यवस्थापन संस्थांत उलटं चालतं. साठ मुलांचे साठ मेमो टेबलावर पडतात, ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले जातात आणि मग ठरतं, की यातले वरचे कोणते. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये तर वर्षानुवर्षं अक्षरंही नव्हती. १, २, ३ एवढंच. साधारण वरच्या पाचव्या हिश्शाला १, तळच्या दहाव्या हिश्शापर्यंत ३, आणि उरलेल्या सगळ्या हुशार लोकांना २. सगळेच ९७८ वाले एका वर्गात आले, की त्यांच्यातल्याही कुणाला तरी खाली बसावंच लागतं. मला ही पद्धत फारशी आवडत नाही, पण ती आहे.

दुसरं म्हणजे, या विषयात पाठ करायला जवळजवळ काही नसतं. माझ्या वर्गाची वाटणी सांगतो. वर्गातल्या चर्चेला २५ गुण, पाच मेमोंना ४०, गटाच्या प्रकल्पाला १५ आणि शेवटच्या परीक्षेला २०. आमच्या काळी बी.कॉम.ला आम्ही गाइड वाचून आदल्या रात्री जे केलं, त्याला इथे फार तर त्या वीसात जागा आहे. मेमो म्हणजे तीन पानांचं टिपण. एका खऱ्या कंपनीची केस देतात, आकड्यांचे तक्ते देतात आणि विचारतात, तुम्ही त्या खुर्चीत आहात, आता काय कराल ते लिहा.

हे लेखी प्रकरण जुनं आहे. अहमदाबादची आयआयएम १९६१ मध्ये हार्वर्डच्या मदतीने उभी राहिली, आणि तिथला पहिल्या वर्षाचा ‘वॅक’ हा लेखनाचा विषय मुलांना आयुष्यभर लक्षात राहतो. वेळ संपत आली, की टिपण पेटीत टाकण्यासाठी मुलं धावत सुटायची. त्या धावण्याला ‘वॅक रन’ असं नावच पडलं. हैदराबादही या बाबतीत मागे नव्हतं. खैरताबादच्या बेला व्हिस्टात १९५६ पासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज चालू आहे. इंग्लंडमधल्या हेन्लीच्या धर्तीवर उभं राहिलेलं. साहेबलोकांना गटात बसवून प्रश्न सोडवायला लावायचे, अशी ती कल्पना. तो वाडा एके काळी निजामाच्या थोरल्या मुलाचा, ‘प्रिन्स ऑफ बेरार’चा. म्हणजे आपल्या वऱ्हाडचं नाव या गावात असं एका राजवाड्याच्या पाटीवर राहिलं. पुढे २००१ मध्ये गच्चीबावलीच्या खडकाळ माळावर आयएसबी आली. वर्षभरात सगळा अभ्यासक्रम उरकणारी. तेव्हापासून आपल्या घरांतल्या मुलांच्या तोंडी ‘केस’ हा शब्द वकिलांइतका येऊ लागला.

रविवारी मुलगी घरी आली. “काका, एकदा वाचून बघा ना, मी काय चुकीचं लिहिलंय,” म्हणाली. लॅपटॉप उघडला. केस होती सत्यमची.

ज्यांना ते दिवस आठवत नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात. आठवत नसणं साहजिक आहे, आज एमबीएला असलेली मुलं तेव्हा बालवाडीत होती. १६ डिसेंबर २००८ ला सत्यमच्या संचालक मंडळाने ठरवलं, की ‘मेटास’ नावाच्या दोन कंपन्या घ्यायच्या, एक घरबांधणीतली आणि एक पायाभूत सुविधांची. दोन्ही रामलिंग राजूंच्या कुटुंबाच्या. सत्यम हे नाव इंग्रजीत उलटं लिहिलं, की मेटास होतं. किंमत १.६ अब्ज डॉलर. बातमी बाहेर पडताच न्यूयॉर्कमध्ये सत्यमचा भाव निम्म्याहून खाली आला आणि काही तासांतच सौदा मागे घ्यावा लागला. त्यानंतर ७ जानेवारी २००९ ला राजूंचं पत्र आलं. सप्टेंबरअखेर हिशेबात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोकड आणि बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी मुळात नव्हतेच. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं सत्यममध्ये असलेल्या भावाला, मेव्हण्याला फोन लावत होती. एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली, तेव्हा कुठे या गावाने श्वास सोडला.

मुलीला दिलेला प्रश्न होता, तुम्ही सत्यमच्या मंडळावर स्वतंत्र संचालक आहात, १६ डिसेंबरची बैठक चालू आहे, तुमचं मत तीन पानांत लिहा.

तिचा मेमो वाचला. इंग्रजी सुरेख. बलस्थानं आणि कमकुवत बाजूंची चौकट, उद्योगातल्या स्पर्धेची पाच बळं, सगळं जागच्या जागी. शेवटी ठाम नकार, कारण कंपनीची रोकड खोटी आहे आणि हा सौदा ते भगदाड बुजवण्यासाठी आहे.

“यात चूक काय आहे?” ती म्हणाली. “हे खरंच तसं होतं ना, काका?”

“खरं होतं. पण तुला १६ डिसेंबरला ते कसं कळलं?”

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “हौ, पत्र तर जानेवारीत आलं.”

आमच्या हैदराबादी पोरांचं असंच असतं. खरोखर काही पटलं, की मराठी सुटून ‘हौ’ येतं.

माझ्या मते बी मायनस तिथे होता. तिने लिहिलेला प्रत्येक शब्द खरा होता आणि तरी उत्तर निकामी होतं, कारण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे ते पत्र नव्हतं. ही चूक माझ्या वर्गातही दरवर्षी निम्मी मुलं करतात. शेवट माहीत असलेला सिनेमा बघताना आपण नाही का ओरडत, अरे त्या दारातून जाऊ नकोस! इतिहासाच्या पेपरात शेवट माहीत असण्याला गुण मिळतात, इथे कापले जातात. आणि ज्या मंडळींनी त्या खुर्च्यांत बसून होकार दिला, ती काही अडाणी नव्हती. आयएसबीचे तेव्हाचे अधिष्ठाता एम. राममोहन राव सत्यमचे संचालक होते, हार्वर्डमध्ये शिकवणारे कृष्णा पालेपूही होते. दोघांनीही डिसेंबरातच मंडळ सोडलं आणि राव यांनी जानेवारीत अधिष्ठातापदही सोडलं. हा विषय ज्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त येत होता, अशी ही माणसं. म्हणून तर ही केस आपल्या गावात शिकवताना घसा थोडा कोरडा पडतो.

मग मी तिला विचारलं, पत्र विसर, त्या दिवशी टेबलावर जे कागद होते तेवढेच घे. त्यातून काय दिसतं?

तिने तक्ते परत काढले. अर्धा तास ती गुणाकार-भागाकार करत होती आणि मी चहा केला. पहिली गोष्ट तिला दिसली ती अशी. मार्च २००८ ला संपलेल्या वर्षाची सत्यमची विक्री साधारण २.१ अब्ज डॉलर होती. म्हणजे वर्षभराच्या विक्रीच्या पाऊण हिश्शाएवढी रक्कम घरं आणि रस्ते बांधायच्या धंद्यात जाणार होती, आणि कंपनीचं काम होतं सॉफ्टवेअर. मग रुपयांत बघितलं. तेव्हाच्या भावाने १.६ अब्ज डॉलर म्हणजे साडेसात हजार कोटींच्या वर. हिशेबात दिसणारी सगळी रोकड, ती खरी मानली तरी, ५,३६१ कोटी. म्हणजे तिजोरी पूर्ण रिकामी करूनही पुरत नव्हतं. आणि तिसरं तिने स्वतःहून काढलं. विकणाऱ्या कुटुंबाचा सत्यममध्ये वाटा नऊ टक्क्यांहूनही कमी उरला होता. सौदा तोट्याचा ठरला, तर शंभरातले एक्क्याण्णव रुपये दुसऱ्यांचे बुडणार.

“म्हणजे नाही म्हणायला घोटाळा माहीत असायची गरजच नव्हती,” ती म्हणाली. यावर मी काही बोललो नाही. चहा गार होत होता.

तपासणाऱ्याच्या बाजूचंही थोडं सांगायला हवं, कारण घरी मुलं रडतात तेव्हा ही बाजू दिसत नाही. साठ मेमो वाचायला मला दोन शनिवार-रविवार लागतात. मी नावं झाकून वाचतो. तरी पंचविसाव्या मेमोनंतर कंटाळा येतो आणि हात आखडतो, हे मला माहीत आहे. म्हणून शेवटी पहिले दहा पुन्हा वाचतो आणि दरवेळी त्यातल्या एक-दोघांचं अक्षर बदलावं लागतं. म्हणजे ही मोजपट्टी सोनाराची नाही, भाजीवाल्याच्या तराजूची आहे. बी आणि बी मायनस यांच्यात कधी कधी फक्त माझी झोप असते. पण ए आणि बी मायनस यांच्यातला फरक झोपेचा नसतो. पहिल्या परिच्छेदात निर्णय आहे का, की तिसऱ्या पानापर्यंत ‘एकीकडे असं, दुसरीकडे तसं’ चाललंय? दिलेल्या तक्त्यांतून विद्यार्थ्याने स्वतः एखादा तरी आकडा काढलाय का? विरुद्ध बाजूचं सगळ्यात जड कारण लिहिलंय, की सोयीचं हलकं कारण घेऊन त्याला पाडलंय? हे दोन पानांत कळतं.

भाषेचा प्रश्न मात्र मला सतावतो. तेलुगू किंवा मराठी माध्यमातून आलेलं मूल विचार पक्का करतं आणि वाक्य अडखळतं. उलट, गुळगुळीत इंग्रजीखाली पोकळी लपते. आता तर चॅटजीपीटी तीन पानं अर्ध्या मिनिटात देतं, तीही अशीच गुळगुळीत. म्हणून माझ्या वर्गात पाचांतले दोन मेमो आता समोर बसून, हाताने लिहायचे असतात, आणि उरलेल्या तिघांवर मी कुणालाही उभं करून दोन प्रश्न विचारतो. हाताने लिहिलेल्यांत व्याकरणाच्या चुका भरपूर असतात. गुण मात्र बऱ्याचदा तेच जास्त घेतात.

वहिनींचा आग्रह होता, की मी तिच्या सरांना फोन करावा, ओळख काढावी. ते मी केलं नाही. तिला मात्र म्हटलं, तू स्वतः जा, आणि ग्रेड का कमी दिली हे विचारू नकोस. मेमो कुठे कच्चा पडला, ते विचार. ती गेली. सरांनी शांतपणे दहा मिनिटं दिली, आणि त्यांच्या नियमानुसार पहिला मेमो एकदा पुन्हा लिहिता येत होता, दोन्हींची सरासरी धरून. ही सोय पहिल्या दिवशी वाटलेल्या कागदावर छापलेली होती. तो कागद, ती म्हणाली, कुणीच वाचला नव्हता.

तिने पुन्हा लिहिलं. मला दाखवायला आली, तर मी फक्त तारखा तपासल्या. १६ डिसेंबरच्या पुढचं एक अक्षर नव्हतं. आणि शेवटी एक परिच्छेद नवा होता. कोणती माहिती समोर आली, तर मी माझा नकार मागे घेईन, असं तिने लिहिलं होतं. दोन्ही कंपन्यांचं तिऱ्हाईताकडून झालेलं मूल्यांकन, आणि संस्थापकांना वगळून बाकीच्या भागधारकांचं मतदान. हे मी सुचवलं नव्हतं.

ए मायनस आला. सरासरी धरून बी झाला. शिष्यवृत्तीची रेघ अजून थोडी वर आहे आणि चार मेमो बाकी आहेत. वहिनी परवा भाजीबाजारात भेटल्या, म्हणाल्या, “भाऊजी, म्हणजे आता पंचाहत्तर टक्के धरू का?” मी धरा म्हटलं.

दुसरा मेमो सोमवारी रात्री बारापर्यंत द्यायचा होता. केस कोणती, ते पोरीने या वेळी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.