शब्द एकटा येत नाही

स्पर्धा परीक्षांचे वारे वाहू लागले, की आमच्या वाशीमला घरोघरी एक वही दिसू लागते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोज दहा पाठ. मेहनत खरीच, पण महिन्याने विचारावे, तर निम्मे शब्द पुसलेले असतात आणि उरलेले ऐन वेळी ओठांवर येत नाहीत. मग मुले म्हणतात, ‘आम्ही मराठी शाळेतले, आम्हाला काय जमणार?’ शब्द विसरण्यापेक्षा ही समजूत मला अधिक घातक वाटते.

दोष मुलांचा नाही, पाठांतराच्या रीतीचा आहे. शब्द एकटा येत नाही. गणगोत घेऊन येतो. ‘बेनेव्हलंट’ म्हणजे परोपकारी. त्यातला ‘बेने’ लॅटिनमधला, अर्थ ‘चांगले’. ‘बेनिफिट’मध्येही तोच. पुढचा भाग ‘इच्छिणे’ या अर्थाचा. ‘व्हॉलंटियर’ त्याच कुळातला. ‘चांगले’च्या जागी ‘वाईट’ आले, की झाला ‘मॅलेव्हलंट’, म्हणजे दुष्ट बुद्धीचा. आपले सुजन आणि दुर्जन असेच नाहीत का? उपसर्गांची ही किमया मराठी मुलाला घरचीच आहे. मराठी ही त्याची अडचण नव्हे, भांडवल आहे.

शब्दाला शेजारही असतो. आपल्याकडे ऊन कडक, चहाही कडक. पाऊस मात्र मुसळधार. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ आणि पाऊस ‘हेवी’. अदलाबदल केली, की कानाला खटकते. म्हणून वहीत नुसता शब्द नको, त्याचे वाक्य हवे; आणि ते आपल्या अनुभवातले हवे.

वाशीमकरांना हे नवे वाटू नये. हे गाव म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. इथल्या सर्वसेन राजाने प्राकृतात ‘हरिविजय’ काव्य रचले. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लावला. ‘साहित्य’ म्हणजे तरी काय? शब्द आणि अर्थ यांचे सहित असणे, एकत्र नांदणे!

तेव्हा पालकांनो, रोजच्या दहा शब्दांचा हट्ट सोडा. आठवड्याला पाचच घ्या. पण त्यांचे कूळ शोधा, वाक्य करा आणि रात्री जेवताना मुलांकडून ते वापरून घ्या. पाहुणा म्हणून आलेला शब्द मग घरचाच होऊन राहील.