गेवराईचा पाऊस तलवाड्याच्या नावावर

बीड जिल्ह्यात 11 तालुके. प्रत्येक तालुक्यातल्या महसूल मंडळांचा पाऊस वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि त्यावरून तालुकावार सरासरी काढणारी बॅश स्क्रिप्ट लिहायची आहे, असं समजा. बाहेरच्या लूपमध्ये ‘नाव’ या व्हेरिएबलात तालुका ठेवला, आणि सरासरी काढणाऱ्या फंक्शनमध्ये एकेक मंडळ घेणाऱ्या फॉर लूपलाही ‘नाव’च वापरलं. स्क्रिप्ट एकही एरर न देता चालते. आकडे बरोबर येतात, पण गेवराई तालुक्याच्या सरासरीपुढे छापलेलं असतं ‘तलवाडा’, कारण फाइलमध्ये शेवटचं मंडळ ते होतं.

सी किंवा जावा शिकून आलेल्याला हे पटत नाही. महिरपी कंसात जन्मलेलं व्हेरिएबल कंस संपला की संपतं, हा तिकडचा नियम. बॅशमध्ये ते कंस फक्त कमांड एकत्र बांधतात. फंक्शनच्या आत बदललेली किंमत सगळ्या स्क्रिप्टला लागू होते. आतल्या आत ठेवायचं तर ‘लोकल’ असं स्पष्ट लिहावं लागतं. वरच्या उदाहरणात निदान फेऱ्या तरी पूर्ण होतात, कारण बाहेरच्या फॉर लूपची यादी आधीच ठरलेली असते. हाच घोळ व्हाइल लूपच्या मोजणीच्या आकड्यात झाला, तर तालुके गळतात किंवा लूप थांबतच नाही.

‘लोकल’ म्हणजे त्या फंक्शनपुरतंच, हा समजही अर्धाच खरा. त्या फंक्शनने बोलावलेल्या दुसऱ्या फंक्शनला ते व्हेरिएबल दिसतं, आणि बदलताही येतं. बीडमध्ये नुसतं ‘शिरूर’ म्हटलं की शिरूर कासार, पुण्यात घोडनदीकाठचं, लातूरकडे शिरूर अनंतपाळ. बॅश नावाचा अर्थ असाच लावतो: फंक्शन कुठे लिहिलंय ते बघत नाही, कुणी बोलावलंय ते बघतो. याला डायनॅमिक स्कोप म्हणतात.

उलटी तक्रारही नेहमीची: लूपमध्ये बेरीज नीट होते, बाहेर आल्यावर शून्य. दोष लूपला मिळतो, करणी असते पाइपची. ‘कॅट’ने वाचलेली फाइल पाइपमधून ‘व्हाइल रीड’ला दिली की तो लूप सबशेलमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो, आणि बेरीज त्या प्रोसेसबरोबर जाते. ‘डन’नंतर रीडायरेक्टने फाइल थेट द्यावी. बॅश 4.2 पासून ‘लास्टपाइप’ हा पर्यायही आहे, पण जॉब कंट्रोल बंद असेल तरच तो चालतो; स्क्रिप्टमध्ये चालणारी युक्ती टर्मिनलवर फसते ती यामुळेच.

‘एक्स्पोर्ट’ केलं की सगळीकडे पोचतं, असंही नाही. ते फक्त पुढे सुरू होणाऱ्या प्रोसेसना मिळतं. ज्या शेलमधून स्क्रिप्ट चालवली, त्याला नाही. ‘लोकल’ हा शब्दही पॉझिक्स मानकात नाही. डॅश या शेलमध्ये तो चालतो, म्हणून उबुंटूवर ते जाणवत नाही.

आता सगळीकडे ‘लोकल’ लावत सुटणाऱ्यांसाठी एक खाच. ‘लोकल’ लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट साठवलं, तर ‘डॉलर प्रश्नचिन्ह’मध्ये कमांडचा नव्हे, ‘लोकल’चा निकाल येतो, आणि तो जवळजवळ नेहमी 0 असतो. पाटोदा तालुक्याची फाइल जागेवर नसली तरी, कमांड फसली की थांबवणारा ‘सेट -ई’ स्क्रिप्ट थांबवत नाही. म्हणून ‘लोकल’ एका ओळीत आणि किंमत दुसऱ्या ओळीत लिहावी.