मधलं एक मिनिट

पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, नेट गेलं. कानात नुसता गदारोळ चालला होता: पियानो, ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारसारखं काहीतरी किंचाळणारं. आणि अचानक काहीच नाही. फोन काढून बघितला, तर सेकंद शांतपणे पुढे सरकत होते. म्हणजे रचना चालू होती, फक्त तिच्यात काही वाजत नव्हतं.

'ल्युकोसाइट' या अल्बममधलं हे एक मिनिट. शीर्षक-रचनेचे चार भाग आहेत आणि चारही नावं लॅटिन. शांततेच्या भागाचं नाव 'आद इंटेरिम', म्हणजे 'तात्पुरतं', 'दरम्यान'. त्याच्या पुढचा भाग 'आद मॉर्तेम', मृत्यूकडे. अल्बम सप्टेंबर 2008 मध्ये बाजारात आला, तेव्हा तो वाजवणारा पियानोवादक जाऊन तीन महिने झाले होते.

त्याचं नाव एस्ब्यॉर्न स्वेन्सन. स्वीडनमधल्या व्हेस्टेरोस या गावचा, जन्म 1964 चा. आई शास्त्रीय पियानो वाजवायची, वडील जॅझचे शौकीन. ड्रमवादक मॅग्नस ओस्ट्रॉम हा लहानपणापासूनचा दोस्त. पुढे डॅन बर्गलुंड हा डबल बेसवाला त्यांना येऊन मिळाला आणि 1993 मध्ये 'एस्ब्यॉर्न स्वेन्सन ट्रायो' उभा राहिला. लोक त्याला ई.एस.टी. म्हणू लागले आणि तिघांनाही तेच हवं होतं. नाव एकाचं होतं खरं, पण नंतरच्या अल्बमांवर रचनाकार म्हणून तिघांची नावं आली.

पियानो, डबल बेस, ड्रम ही जॅझमधली जुनी, सुटसुटीत बैठक. अशा मंडळींची निम्मी कारकीर्द जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्यांवर चालते. जॅझवाले त्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात. आपल्याकडे ख्यालगायक पिढीजात बंदिश घेतो आणि तिच्यात स्वतःचं काय ते मांडतो, तसाच काहीसा हा मामला. ई.एस.टी.नेही 1996 मध्ये थेलोनियस मंक या अमेरिकन पियानोवादकाच्या रचनांचा एक अख्खा अल्बम केला. त्यानंतर मात्र त्यांच्या अल्बमांवर जवळपास सगळा माल घरचाच. 'विंटर इन व्हेनिस' (1997), मग 'फ्रॉम गागारिन्स पॉइंट ऑफ व्ह्यू', ज्याने त्यांना स्वीडनबाहेर नेलं. त्या अल्बमची शीर्षक-रचना इतकी संथ आणि मोकळी आहे की पहिल्या अंतराळवीराचं नाव तिला शोभतं. त्याच अल्बमवर 'डॉज द डोडो' आहे. कुणाला ई.एस.टी. ऐकवायचं असेल तर मी हीच लावतो. ड्रमचा ठोका थेट नाचाच्या क्लबातून उचलून आणल्यासारखा, वर पियानोची साधी धून. जॅझचं नाव काढताच जांभई देणारी तरुण मुलंही मान हलवायला लागतात.

यात मला सगळ्यात ओळखीची वाटते ती एक युक्ती. स्वेन्सनचा डावा हात आणि बेस मिळून चार-सहा सुरांचा फेरा धरतात, तो पुन्हा पुन्हा फिरवतात, आणि त्यावर ओस्ट्रॉम मोकळा सुटतो. तबल्याच्या सोलोला सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा धरतात, तो ज्याने ऐकलाय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्यांनी हे आपल्याकडून घेतलं असा माझा दावा नाही. फिरत्या फेऱ्यावर लय खेळवण्याचा मोह कुठल्याही देशातल्या वादकाला होतो, इतकंच.

आणि ते किंचाळणारं वाद्य गिटार नव्हतंच. तो बर्गलुंडचा डबल बेस. माणसाएवढ्या उंचीचं हे लाकडी वाद्य जॅझमध्ये सहसा बोटांनी छेडतात. रॉक ऐकत वाढलेला बर्गलुंड त्यावर गज फिरवायचा आणि आवाज मुद्दाम फाटेल अशा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून काढायचा. स्वेन्सनही पियानोत वाकून थेट तारांना हात घालायचा. ध्वनी सांभाळणाऱ्या ओके लिंटनला तर चाहते चौथा वादकच मानत. मंचावर धूर आणि रॉकच्या जलशातले दिवे. अमेरिकेतल्या 'डाउनबीट' मासिकाने मे 2006 मध्ये त्यांना मुखपृष्ठावर घेतलं. जॅझच्या मायदेशातल्या त्या मासिकाने युरोपातल्या बँडला हा मान पहिल्यांदाच दिला.

'ल्युकोसाइट' जन्मला तो ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात. जानेवारी 2007 मध्ये सिडनीच्या 'स्टुडिओ 301'मध्ये तिघं दोन दिवस बसले. आधी ठरवलेलं, लिहिलेलं काही नाही, बसायचं आणि वाजवायचं. 'प्रीमोनिशन' रचनेचा 'अर्थ' (म्हणजे पृथ्वी) हा पहिलाच भाग सतरा मिनिटांच्या आसपास जातो, आणि पुढे काय येणार हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसल्याचं ऐकू येतं. मधेमधे तो रेंगाळतो, हेही कबूल करायला हवं. ध्वनिमुद्रणानंतर कापाकापी, जोडाजोडी झाली. उरलेल्यातून '301' हा अल्बम 2012 मध्ये निघाला.

14 जून 2008 रोजी स्टॉकहोमजवळच्या इंगारो इथे पाण्याखाली डायव्हिंग करताना अपघात झाला आणि स्वेन्सन गेला. वय 44.

मग सगळ्यांनी नावं वाचली. 'प्रीमोनिशन', म्हणजे पूर्वसूचना. 'आद मॉर्तेम'. मधली ती मिनिटभराची शांतता. आपण श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभे राहतो, तेव्हा हा अर्थ लागणारच. पण मला तो पटत नाही. ते सूर उमटले तेव्हा तिघंही धडधाकट होते आणि दौऱ्यावर होते. ल्युकोसाइट म्हणजे रक्तातली पांढरी पेशी, शरीराची राखण करणारी. आणि चौथा भाग 'आद इन्फिनितुम' आहे, म्हणजे अनंतापर्यंत. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

अशा योगायोगांना जॅझमध्ये जुना दाखला आहे. 25 जून 1961 ला पियानोवादक बिल एव्हन्सच्या ट्रायोचं न्यू यॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' क्लबमध्ये ध्वनिमुद्रण झालं. अकरा दिवसांनी बेसवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला. त्या दिवसाचा पहिला अल्बम काढताना सुरुवातीला आणि शेवटी लाफारोच्याच रचना ठेवल्या. एव्हन्स मात्र कित्येक महिने जाहीर कार्यक्रमांपासून दूर राहिला.

ओस्ट्रॉम आणि बर्गलुंड थांबले नाहीत. दोघांनी आपापलं संगीत केलं, आणि पुढे नॉर्वेचा बुगे वेसेलटॉफ्ट पियानोवर बसला तेव्हा 'रिम्डेन' हा नवा ट्रायो झाला.

स्वेन्सनने 2008 च्या वसंतात घराच्या तळघरात एकट्याने वाजवून ठेवलेलं काही पुढे त्याच्या पत्नीला, एव्हाला, संगणकावर सापडलं. 2022 मध्ये ते 'होम.एस.' नावाने निघालं. नऊ तुकडे. त्यांना त्याने नावं दिलीच नव्हती, म्हणून ग्रीक मुळाक्षरं दिली: अल्फा, बीटा, गॅमा. मधूनच डावा हात एखादा फेरा धरतो, आणि इथे मॅग्नस येणार, असं कानाला वाटत राहतं.