मुलाखतीची प्रश्नपत्रिका आपल्याच अर्जात

मुलाखतीचं पत्र हातात पडलं की अमरावती-अकोल्यातल्या अभ्यासिकांमध्ये पहिली शोधाशोध सुरू होते ती ‘हमखास विचारले जाणारे प्रश्न’ छापलेल्या पुस्तकाची. ‘स्वतःविषयी सांगा’, ‘तुमचा कमकुवतपणा कोणता’, ‘आम्ही तुम्हालाच का घ्यावं’. मग यांची उत्तरं घोकायची आणि आरशासमोर म्हणून बघायची. ही मेहनत बहुतांशी वाया जाते. मुलाखत घेणाऱ्यांपुढे ते पुस्तक नसतं, उमेदवाराचा अर्ज असतो. जिल्हा, पदवी, छंद, मधलं एखादं रिकामं वर्ष, प्रश्न निघतात ते तिथूनच. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीत तर हे उघडच दिसतं, आणि तिथे पणाला लागलेलंही थोडं नाही. राज्यसेवेच्या आधीच्या पद्धतीत ९०० पैकी १०० गुण मुलाखतीचे होते. नव्या वर्णनात्मक पद्धतीत २०२५ पैकी २७५ आहेत.

समजा, अर्जात जिल्हा अकोला आहे आणि पदवी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची. प्रश्न येतो: तुमच्याकडे विहिरींना पाणी असूनही अनेक गावांची शेती कोरडवाहू का? पाठांतरवाला ‘सिंचनाचा अनुशेष’ म्हणून थांबतो. ज्याने आपला जिल्हा अभ्यासलाय तो खारपाणपट्ट्यावर येतो. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या काही भागांत भूजलच खारं, त्यात खोल काळी चिकण जमीन आणि निचरा जेमतेम. तेच पाणी सारखं दिलं तर जमीन चोपण होते. म्हणून तिथे विहिरीपेक्षा शेततळ्याचा आधार मोठा: पावसाचं गोडं पाणी धरून ठेवायचं आणि ताण पडला की संरक्षित ओलित करायचं. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली गावं मुद्दाम का घेतली, हा पुढचा प्रश्न मग त्याला अडवत नाही. बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याच्या जागेचंही तसंच. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, हा आकडा कोणीही पाठ करील. पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर सीसीआयचं केंद्र कापूस घेत नाही, घरात साठवायला जागा नाही, उसनवारी फेडायची आहे, म्हणून तोच माल खेडा खरेदीवाल्याला पडत्या भावात जातो, हे जो सांगू शकतो त्याला कर्जवसुलीचा प्रश्न समजलेला आहे, हे समोरच्याला कळतं.

खासगी कंपन्यांमध्ये एवढा स्थानिक अभ्यास कोण विचारतो, असा आक्षेप येईल. विषय बदलतो, रीत नाही. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरच्या आधीच्या संशोधनाचा फेरआढावा घेतला. पुढे माणूस काम कसं करील याचा अंदाज बांधण्यात, सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत सर्वांत वरचढ ठरली. मनाला येईल तशा गप्पांची मुलाखत बरीच खाली राहिली. अशा मुलाखतीत बहुधा घडलेला प्रसंग विचारतात: अडचण काय होती, तुम्ही नेमकं काय केलंत, शेवटी काय झालं. ‘मी फार परिपूर्णतेचा आग्रही आहे’ हे छापील उत्तर तिथे दोन उपप्रश्नांत गळून पडतं. (तसंही ते ऐकून ऐकून मुलाखतकारांचे कान किटलेले असतात.) नव्या पदवीधराकडे प्रसंग कुठून येणार? येतात की. हंगामात डाळ मिलवर हिशेब सांभाळला असेल, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शंभर जणांच्या जेवणाची जबाबदारी घेतली असेल. तूर किती पोती आली, वजनात फरक निघाला तेव्हा काय केलं, एवढं नीट आठवून ठेवलं तरी पुष्कळ.

घाबरणाऱ्यांनी सुरुवातीची दोन वाक्यं पाठ करायला हरकत नाही. जीभ मोकळी होते. ‘मले-तुले’ची लाज मात्र कशाला? राज्य आयोगाची मुलाखत मराठीत देता येते, केंद्रीय आयोगही मराठीची मुभा देतो. इंग्रजी ही कामाची गरज असेल तर इंग्रजी शिकावीच लागेल, पण वऱ्हाडी हेल घालवण्यात महिने घालवू नयेत.

सगळ्यांत जड आक्षेप वशिल्याचा. तो खोटा म्हणता येणार नाही. खालच्या पदांच्या मुलाखतींत पक्षपात आणि पैसा चालतो, ही तक्रार सरकारलाही मान्य करावी लागली आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्राने गट क व गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. तलाठी आणि पोलीस शिपाई भरतीतही मुलाखत नाही. त्यामुळे नुसती हीच भरती डोळ्यांपुढे असलेल्या मुलाने मुलाखतीच्या वर्गाची फी भरण्याआधी जाहिरात एकदा नीट वाचावी.