सुरक्षिततेचे मोल खासगीपणात मोजावे लागते काय?

विमानतळावरील झडतीचा विषय निघाला, की सुशिक्षित मंडळींच्या बैठकीतही एक वाक्य हमखास कानी पडते : ‘जीव प्यारा असेल, तर खासगीपणाचा हट्ट सोडा, दोन्ही एकदम मिळायचे नाही.’ हे इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे बोलले जाते, की त्याची शहानिशा करण्याची गरजच कुणाला भासत नाही. आणि जिथे माणसाच्या प्राणाचा व प्रतिष्ठेचा एकाच वेळी प्रश्न आहे, तिथे अशी आळशी समजूत रूढ व्हावी, याचा मला मनापासून संताप येतो.

कडक तपासणीची आवश्यकता मी तिळमात्र नाकारीत नाही. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲम्स्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात उमर फारूक अब्दुलमुतल्लब या तरुणाने अंतर्वस्त्रात दडविलेले स्फोटक पेटविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा धातू नसलेल्या द्रव्यापुढे धातुशोधक चौकट निरुपयोगी असते, ही उणीव साऱ्या जगापुढे उघडी पडली. मग अमेरिकेने सर्वांगाची प्रतिमा घेणारी यंत्रे झपाट्याने वाढविली. त्यांत प्रवाशाच्या वस्त्रांखालील देहाची आकृती दुसऱ्या खोलीतील कर्मचाऱ्याच्या पडद्यावर उमटत असे. या प्रतिमा साठविल्या जात नाहीत, अशी ग्वाही सरकारी खाते देत होते. परंतु ‘एपिक’ या संस्थेने माहितीच्या कायद्यान्वये दप्तर बाहेर काढविले, तेव्हा चाचणीपुरती का होईना, प्रतिमा साठविण्याची आणि अन्यत्र धाडण्याची सोय यंत्रात असावी, असे खुद्द खरेदीच्या अटींतच नमूद केलेले आढळले. फ्लॉरिडातील एका न्यायालयाच्या दारावरील शरीरदर्शक यंत्रात तर सुमारे ३५,००० प्रतिमा साठल्याचे २०१० साली उघडकीस आले.

यानंतर जे घडले, ते आमच्या बैठकबहाद्दरांना ठाऊकच नसते. २०१२ च्या कायद्याने अमेरिकी संसदेने अशी सक्ती केली, की यंत्राने प्रवाशाच्या देहाची प्रतिमा कुणालाही दाखवता कामा नये. क्ष-किरणांवर चालणाऱ्या यंत्रांना ही अट मुदतीत पाळता आली नाही आणि २०१३ च्या मध्यापर्यंत ती विमानतळांवरून हलविण्यात आली. मिलिमीटर लहरींची यंत्रे मात्र राहिली. त्यांत संगणकच तपासणी करतो आणि पडद्यावर सर्वांसाठी एकच असलेली, ना चेहरा ना अवयव अशी बाह्याकृती दिसते. कमरेपाशी काही संशयास्पद वाटल्यास आकृतीच्या कमरेवर एक चौकोन उमटतो आणि कर्मचारी तेवढीच जागा चाचपून पाहतो. घामाने किंवा वस्त्राच्या चुण्यांनी यंत्र कधीकधी अकारण इशारा देते, हा दोष खरा. परंतु शोध चालूच राहिला आणि दुसऱ्या खोलीत बसून परक्या देहांकडे पाहणाऱ्या माणसाची जरुरी संपली. तेव्हा ‘यंत्रात माणूस उघडा दिसतो’ ही भीती या यंत्रांपुरती निराधार आहे, आणि ती निराधार ठरली याचे श्रेय खासगीपणाचा हट्ट धरणाऱ्यांचे आहे.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच ‘कनिष्क’ विमानाचे. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ३२९ जणांचा बळी घेणारा बाँब ज्या बॅगेत होता, तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. विमानात चढलेला प्रवासी आणि चढविलेले सामान यांची गाठ घालून पाहण्याची तजवीज असती, तर ती बॅग रवाना झाली नसती. आणि या अत्यंत कडक उपायात कुणाच्या देहाला हातही लावावा लागत नाही.

आपल्याकडे आजही बहुधा चौथऱ्यावर उभे राहून हात पसरायचे आणि जवानाने हातातला शोधक अंगावरून फिरवायचा, हाच शिरस्ता आहे. शरीरदर्शक यंत्रे बसविण्याचा हुकूम नागरी विमान सुरक्षा विभागाने २०१९ मध्येच काढला. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला एकमताने मूलभूत हक्क मानले आहे. त्या हक्कावरील बंधनाला कायद्याचा आधार हवा आणि ते उद्दिष्टाच्या प्रमाणात हवे. म्हणून यंत्र प्रतिमा साठविते काय, हे विचारणारा प्रवासी अडथळा आणीत नसून नागरिकाचे काम करीत असतो.

किरकोळ समजुतींचा निकाल थोडक्यात लावतो. ‘लपवण्यासारखे नसेल तर लाज कसली?’ असे विचारणाऱ्यांनी कृत्रिम अवयव किंवा शस्त्रक्रियेनंतरची पिशवी अंगावर वागविणाऱ्यांचा विचार करावा. अशा व्यक्तींना आडोशाला तपासणी मागता येते. मिलिमीटर लहरींनी कर्करोग होतो, हे खोटे. अणूंचे आयनीभवन करण्याची शक्ती त्यांत नसते. सामानाच्या क्ष-किरणांनी डब्यातले अन्न दूषित होत नाही. छायाचित्रांची न धुतलेली फिल्म मात्र खराब होऊ शकते. आणि चेहरा ओळखून विमानतळात प्रवेश देणारी ‘डिजियात्रा’ सक्तीची नाही : ओळखपत्र दाखवून आत जाण्याची मुभा कायम आहे, शिवाय चेहऱ्यावरून प्रवासी कोण हे कळते, त्याच्या खिशात काय आहे हे कळत नाही, म्हणून ती वापरणाऱ्यालाही झडती माफ होत नाही.