बाळाची वाढ वेळीच तपासा

भाताचे रोप पिवळे पडले तर आपण लावणीपर्यंत थांबत नाही. रोपवाटिकेतच उपाय करतो. लहान मुलांचेही तसेच आहे. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते. या काळात केलेल्या उपायांचा गुण अधिक येतो.

अंगणवाडीच्या कल्पनेची जडणघडण याच डहाणू परिसरात झाली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले काम पुढे कोसबाडला रुजले.

लक्षात ठेवण्याच्या खुणा

पुढीलपैकी काही आढळल्यास बाळाला दाखवावे :

१) ३ महिने पूर्ण : आईकडे पाहून हसत नाही, मोठ्या आवाजाने दचकत नाही.
२) ५ महिने : मान धरत नाही.
३) ९ महिने : आधाराशिवाय बसत नाही.
४) १८ महिने : चालत नाही, एकही शब्द बोलत नाही.
५) २ वर्षे : दोन शब्द जोडून बोलत नाही.

जन्मतः पाऊल आत वळलेले असल्यास वाट पाहू नये. पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर सुरू केल्यास पाऊल बहुधा सरळ होते.

कोठे जावे ?

प्रथम अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करावयाची असते. दोष आढळलेल्या मुलास पुढे रुग्णालयात किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठविले जाते. या कार्यक्रमातील उपचार मोफत असतात.

घरी काय करावे ?

पहिले ६ महिने फक्त आईचे दूध द्यावे. नंतर दुधासोबत नाचणीची पेज, मऊ वरणभात, अंडे द्यावे. न्हाऊ घालताना, भरवताना बाळाशी आपल्या बोलीत बोलावे. वारली बोलीत बोलल्याने नुकसान होत नाही. शिकविलेले व्यायाम रोज थोडे थोडे करावेत. वडील व आजी-आजोबांनीही ते शिकून घ्यावेत.

स्थलांतर करताना

वेवजी, तलासरी भागातील अनेक कुटुंबे भातकापणीनंतर वीटभट्टी वा इतर कामांसाठी बाहेर पडतात. तपासणी व उपचार तेथेच तुटतात. म्हणून निघण्यापूर्वी सेविकेला कळवावे, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे व नव्या ठिकाणच्या अंगणवाडीत दाखवावे.

बाळ मागे पडले म्हणून आईला दोष देऊ नये. 'मोठे झाले की होईल' म्हणून थांबूही नये. गेलेला हंगाम पुढच्या वर्षी पुन्हा येतो, बाळाची ही वर्षे पुन्हा येत नाहीत.