जोडीदार कोण, रक्तगट कोणता

चिंपांझीची मादी माजाच्या काळात अनेक नरांशी जुगते. त्यामुळे खरी शर्यत शुक्राणूंची. नराचे वृषण भरतात सुमारे १२० ग्रॅम. त्याच्या तिप्पट-चौपट वजनाच्या गोरिलाचे जेमतेम ३० ग्रॅम, कारण कळपावर बहुधा एकाच नराची मालकी. वीर्य घट्ट करणाऱ्या प्रथिनाचं जनुक चिंपांझीत झपाट्यानं बदललं, गोरिलात मोडकळीला आलं. माणूस मधेच कुठेतरी: सुमारे ४० ग्रॅम.

माणसाच्या जनुकांवर मात्र सोयरिकीचाही हात फिरतो. त्याचा पुरावा परळचा. १९५२ साली केईएम रुग्णालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एक अनोखा रक्तगट नोंदवला. ए, बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, तो ‘एच’ घटकच या रक्तात नव्हता. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. शहराचं नाव बदललं, रक्ताचं नाही. तो उतरण्यासाठी सदोष जनुक आई आणि बाप, दोघांकडूनही यावं लागतं. जातीतच लग्न, त्यात मामाची मुलगी करण्याची चाल. मग असा योग वारंवार जुळतो. भारतात साधारण १०,००० जणांत एक, युरोपात १० लाखांत एक.

नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ भासतं, पण या व्यक्तीला ‘ओ’ रक्तही चालत नाही. घरात कुणाचा गट ‘बॉम्बे’ निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करून घ्या.